युसूफभाईंच्या अर्जातली कंबरदुखी

बसा, सगळे बसून घ्या. दाराजवळ उभे आहेत त्यांनी पुढे यावं, सतरंजीवर जागा आहे.

बायांनो, भावांनो, मला नीट बोलता येईल की नाही माहीत नाही. आयुष्यभर टेबलामागे बसून दुसऱ्यांचे अर्ज लिहिले. उभं राहून बोलायची सवय नाही. माझ्याआधी सरपंच बोलले, आपल्या डॉक्टर मॅडम बोलल्या. दोघांनी युसूफभाईंबद्दल चांगलं सांगितलं, आणि ते सगळं खरं आहे. मलाही चांगलं सांगता येईल. पण तेवढंच सांगून मी खाली बसलो, तर मला घरी जाऊन जेवता येणार नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मी वामन. या गावच्या सरकारी दवाखान्यात बावीस वर्षं बाबू होतो. पगार, रजा, सेवापुस्तकं, सगळं माझ्या हातून जायचं. युसूफभाई त्याच दवाखान्याच्या ॲम्ब्युलन्सवर ड्रायव्हर होते. गेल्या शुक्रवारी सकाळी त्यांच्या छातीत दुखायला लागलं. त्यांची मुलगी नसीमा, ती इथे समोर बसली आहे, ती म्हणाली, "अब्बा, गाडी बोलावते." ते म्हणाले, "नको बेटा. गाडी दुसऱ्या कोणाले लागन." आणि चालत निघाले. लेकीच्या खांद्यावर हात ठेवून, दोन ठिकाणी थांबत, बाजाराच्या रस्त्याने दवाखान्यापर्यंत गेले. दुपारच्या आत सगळं आटोपलं.

त्यांच्या पत्नी रेहानाभाभी इद्दतीत आहेत, नवरा गेल्यावर काही महिने घराबाहेर पडणार नाहीत. म्हणून काल मी त्यांच्या घरी गेलो. पडद्याआड त्या, अंगणात मी, मधे नसीमा. मी विचारलं, "भाभी, उद्या सभेत मी जे झालं ते सांगू का? सगळं?" त्या आतून म्हणाल्या, "सांगा जी. पण त्याईले पागल नका म्हणू. लय लोकाईनं म्हटलं."

म्हणून पहिलं तेच सांगतो. ते पागल नव्हते.

ते कसे होते हे जुन्या लोकांना माहीत आहे. त्यांचे वडील कल्हई करायचे. भाता आणि कोळसा घेऊन बाजारा-बाजाराला फिरायचे, आणि लहानगे युसूफ त्यांच्या मागे. म्हणून या तालुक्यातला प्रत्येक रस्ता, प्रत्येक नाला त्यांना पाठ होता. कोणत्या नाल्यातून कधी गाडी जाते, कुठे उतरून आधी काठीने पाणी मोजावं लागतं, सगळं ठाऊक. आमची गाडी जुनी होती. दार दोरीने बांधावं लागायचं. त्या गाडीत त्यांनी किती लोकांना आणलं असेल? सापानं चावलेले, अस्वलानं फाडलेले, बाळंतपणाला अडलेल्या बाया. सुरुंगाच्या स्फोटात जखमी झालेले जवानही आणले. जो दवाखान्यात वाचला नाही, त्यालाही तेच गावी पोचवायचे. नियमात ते नव्हतं. मी एकदा म्हटलं, "युसूफभाई, डिझेलचा हिशेब मला द्यावा लागतो." तर म्हणाले, "बाबूजी, आणला आमी. मंग नेऊन कोण देईन?"

आणि गाडीत ते बोलायचे. सतत बोलायचे. मागे रोगी, त्याच्याजवळ आपले परिचर रैनूदादा, आणि पुढून युसूफभाईंची बडबड चालू. गोंडी बोलायचे, तेलुगू बोलायचे. दोन्ही अशी मोडकी की कळा देणारी बाईसुद्धा हसायची. मी विचारलं होतं, कायले बोलता एवढं? म्हणाले, "मांगच्याले समजते ना, का गाडी चालून राह्यली, आपण जिवंत आहो."

रैनूदादा, तुम्ही भिंतीला टेकून बसलात, मला दिसता. मी जे आता सांगणार आहे त्यात काही चुकलं, तर तिथूनच मला थांबवा. तुम्ही होतात. मी टेबलावर होतो.

उन्हाळ्याचे दिवस होते. लग्नाहून परत येणारा ट्रॅक्टर अठ्ठावीस किलोमीटरवरच्या रपट्यावरून, त्या बिनकठड्याच्या बुटक्या पुलावरून, नाल्यात उलटला. ट्रॉलीत बायका-पोरं दाटून भरलेली. नाला कोरडा, खाली नुसते दगड. सायकलवर एक जण निरोप घेऊन ठाण्यात आला, ठाण्यातून आमच्याकडे. युसूफभाई आणि रैनूदादा निघाले. तिथे पोचणारे ते पहिले. डॉक्टर नाही, पोलीस नाहीत. ही दोघं, आणि एक गाडी. गाडीत दोन जण झोपवता यायचे. अगदी कोंबले तर सहा जण मावायचे.

आणि खाली तीसेक माणसं.

कोणाला आधी न्यायचं, हे कोण सांगणार? युसूफभाईंना कोणी शिकवलं होतं? कोणीच नाही. सरकारने त्यांना गाडी चालवायला घेतलं होतं. ज्याचं रक्त दिसलं, जो ओरडत होता, त्याला उचललं. एक बाई पळसाच्या झाडाला टेकून बसली होती. नवरीची आत्या. अंगावर खरचटलेलंसुद्धा नाही. युसूफभाई तिच्याजवळ गेले. ती म्हणाली, "मले काई झालं नाई. लेकराईले ने आधी." दोन लेकरं रक्ताने भरलेली होती. त्यांना उचललं. निघताना तिने विचारलं, "येशीन ना परत?" हे म्हणाले, "येतो बाई. आलोच."

जायला पाऊण तास. सगळ्यांना उतरवायला थोडा वेळ. यायला पाऊण तास. परत आले तेव्हा ती बाई तिथेच होती. कोणीतरी तिच्या तोंडावर पदर ओढून दिला होता.

त्या दिवशी युसूफभाईंनी चार फेऱ्या मारल्या. गाडीतून आणलेले सगळे जखमी वाचले. एकूण एक. ती बाई सोडून कोणी गेलं नाही. शेवटच्या फेरीनंतर ते तिला घेऊन तिच्या गावी गेले. पुढे प्रजासत्ताक दिनाला शाळेच्या मैदानात त्यांचा सत्कार झाला. शाल, नारळ. मीच सत्काराचा कागद लिहून दिला होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. युसूफभाई शाल अंगावर घेऊन उभे होते आणि कोणाकडेच बघत नव्हते. मला वाटलं, लाजतात.

आता जे सांगतो ते नीट ऐका. ट्रॅक्टरच्या त्याच आठवड्यात, तेव्हाचे आमचे तरुण डॉक्टर माझ्या टेबलाजवळ उभे राहून म्हणाले होते, "बाबू, त्या बाईला पोटात आतून रक्तस्राव झाला होता. बाहेरून बघून मलाही कळलं नसतं. आणि पहिल्या फेरीत आणली असती, तरी तिला वाचवायची सोय आपल्याकडे नव्हती. रक्त नाही, ऑपरेशन नाही. गडचिरोलीपर्यंत ती टिकली नसती." हे त्यांनी मला सांगितलं. मला. युसूफभाईंना कोणी सांगितलं नाही. डॉक्टरांना वाटलं मी सांगेन. मला वाटलं, डॉक्टर सांगतील, हे त्यांचं काम. नंतर दिवस गेले, आणि ती गोष्ट राहून गेली.

राहून गेली, असं मी म्हणतो. किती सोपं आहे म्हणायला.

पहिल्यांदा रैनूदादांच्या लक्षात आलं. एक दिवस ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "बाबू, युसूफभाई आता गाडीत बोलत नाई." एवढंच. मी म्हटलं, वय झालं असेल. बेचाळीस वर्षांच्या माणसाबद्दल मी असं म्हटलं.

मग एक दिवस जेवणाच्या सुट्टीत युसूफभाई स्वतः आले. समोरच्या खुर्चीवर बसले, डबा उघडला नाही. म्हणाले, "बाबूजी, मले झोप येत नाई. डोळे मिटले का ते बाई इचारते, येशीन ना. त्या रपट्यावरून गाडी नेतो तं हात लाकडावानी होते. घाम येते. दोन महिने झाले. कोणाले सांगू?"

मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. एवढं मात्र मी केलं. डॉक्टरांनी तासभर दार लावून ऐकलं आणि मला आत बोलावून म्हणाले, "हा मनाचा आजार आहे. बरा होतो. नागपूरला दाखवावं लागेल. मी रजेच्या दाखल्यावर तसं लिहितो, गाडीवरून काही दिवस उतरवू."

आणि मी काय केलं? मी डॉक्टरांना अडवलं. म्हटलं, "साहेब, तुम्ही नवीन आहात. 'मानसिक' हा शब्द एकदा सेवापुस्तकात गेला, तर परत निघत नाही. वरचं कार्यालय त्यांना कायमचं गाडीवरून काढेल. गावात नाव होईल. उद्या पोरीचं लग्न करायचं आहे. कंबरदुखी लिहा. ड्रायव्हरची कंबर दुखते, कोणी विचारत नाही." डॉक्टरांनी पेन उघडलं. मग म्हणाले, "कार्यालयाचं तुम्हालाच जास्त कळतं." आणि कंबरदुखी लिहिली.

त्या दिवशी मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं, मित्रहो. वाटलं, एका गरीब माणसाची नोकरी वाचवली. युसूफभाईंनी माझे दोन्ही हात धरले होते.

डॉक्टर वर्षभरात बदलून गेले. नागपूर राहिलंच. पंधरा दिवस घरी बसले की युसूफभाई थोडे सावरायचे, परत गाडीवर यायचे. चार-सहा महिन्यांनी चेहरा पुन्हा काळवंडायचा. ते माझ्या टेबलाजवळ येऊन नुसते उभे राहायचे. मी विचारायचो नाही. कागद ओढायचो आणि लिहायचो. कंबरदुखी. नवीन डॉक्टर सही करायचे, कारण आधीच्यांनी केली होती. एका डॉक्टरांनी तर त्यांना कंबरेचा पट्टा दिला. युसूफभाई तो पट्टा बांधून यायचे, सदऱ्यावरून, सगळ्यांना दिसेल असा. माझा शब्द खोटा पडू नये म्हणून. जो माणूस कधी खोटं बोलला नाही, त्याला मी पट्टा बांधून फिरायला लावलं.

अशी चार वर्षं गेली. तोपर्यंत वाटेत त्या रपट्याला ते लांबून वळसा घालायचे, आठ किलोमीटर जास्त. रैनूदादांना माहीत होतं. रैनूदादा गप्प राहायचे.

मग एक दिवस अडलेली बाई आणायची होती. पहिलटकरीण. बाळाचा पाय आधी आलेला. वळसा घ्यायला वेळ नव्हता. युसूफभाईंनी सरळ रस्ता धरला, आणि रपट्याच्या मधोमध गाडी थांबली. इंजिन चालू. दोन्ही हात स्टेअरिंगवर. मागे बाई ओरडते आहे, तिची आई ओरडते आहे. रैनूदादा खाली उतरून पुढच्या दाराशी आले. "भाई, चला. भाई." युसूफभाई समोर बघत होते. रैनूदादांनी त्यांचा हात सोडवायचा प्रयत्न केला, तो सुटला नाही. रैनूदादांना गाडी चालवता येत नव्हती. ते रस्त्यावर पळत गेले. देवाची कृपा म्हणा, वनखात्याचा लाकडाचा ट्रक येत होता. त्यात बाईला घातलं. ती वाचली, पोरगी झाली. दोघी ठीक आहेत आज.

तिच्या घरच्यांनी तक्रार केली. का करू नये? त्यांची तक्रार खोटी नव्हती. ड्रायव्हर मधे गाडी थांबवून बसला, उतरला नाही, बोलला नाही. चौकशी लागली.

वरून एक अधिकारी आले. माझ्याच टेबलाशी बसले. युसूफभाई बाहेर बाकावर. आधी रैनूदादांना बोलावलं. त्यांनी जे माहीत होतं ते सगळं सांगितलं, त्या ट्रॅक्टरच्या दिवसापासून. थोडं मराठीत, थोडं गोंडीत. अधिकाऱ्याने एक ओळ लिहिली: परिचराने चालकाची बाजू घेतली. मग मला विचारलं, "बाबू, या माणसाला आधीपासून काही मानसिक त्रास होता का? तुम्हाला माहीत होतं का?"

समोर सेवापुस्तक उघडं होतं. माझ्या अक्षरात. कंबरदुखी, कंबरदुखी, कंबरदुखी.

मी म्हटलं, "साहेब, नोंदीत जे आहे ते आहे."

बस. एवढंच बोललो. खोटं बोललो नाही मी. नोंदीत जे होतं तेच सांगितलं. बाबू माणूस असाच खोटं बोलतो. खोटी नोंद केली हे कबूल केलं असतं, तर माझ्यावर चौकशी आली असती. माझी पेन्शन डोळ्यांसमोर होती. माझीही पोरं शिकत होती. हे सगळं खरं आहे. तरी ते कारण सांगून मला सुटता येत नाही. दार उघडंच होतं. बाहेरच्या बाकावर युसूफभाईंना माझा आवाज ऐकू गेला असणार. मी बाहेर आलो तेव्हा ते माझ्याकडे बघून उठून उभे राहिले, नेहमीसारखे. मी दुसरीकडे बघत निघून गेलो.

कर्तव्यात कसूर, असा निकाल आला. वेतनवाढ थांबली. गाडी काढून घेतली. भांडारात बसवलं, सलाईनच्या बाटल्या मोजायला. ज्या गोष्टीला भिऊन मी खोटं लिहिलं होतं, ती झालीच. आणि गावात नाव झालं तेही झालंच. बाजारात पोरं म्हणायची, पागल ड्रायव्हर.

तेव्हा रेहानाभाभींनी कोणाला न विचारता त्यांना नागपूरला नेलं. इथून अहेरी, अहेरीहून चंद्रपूर, चंद्रपूरहून नागपूर. कधी एकटी प्रवास न केलेली बाई. तिथल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, दर महिन्याला बोलायला बोलावलं. आणि फरक पडला. खरंच पडला. मला भाभी रस्त्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "आता घोरते जी रातभर. मले झोप येत नाई त्याईच्या घोरण्यानं, पण ऐकाले बरं वाटते." चार वर्षांत पहिल्यांदा तो माणूस झोपला होता. म्हणजे डॉक्टर पहिल्याच दिवशी बरोबर बोलले होते. बरा होणारा आजार होता.

पण नागपूर परवडायला पाहिजे ना? तेव्हा ते माझ्याकडे आले. हो, माझ्याकडेच आले. दुसरीकडे कुठे जाणार? गाडीवरच्या लोकांचा अपघात विमा होता, पगारातून दर महिन्याला कापून जायचा. मी फॉर्म भरायला घेतला. त्यात एक रकाना होता: इजा झालेला अवयव. मी पेन धरून बसलो. विचारलं, "युसूफभाई, इथे काय लिहू?" त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. म्हणाले, "हात लिहा. हातच चालत नाई गाडीवर." मी हात लिहिलं, आणि नागपूरचे कागद जोडले.

विमावाल्यांचं उत्तर आलं. हाताला इजा झाल्याचा पुरावा नाही, आणि मनाचे आजार या विम्यात बसत नाहीत. मग औषधाच्या खर्चासाठी कार्यालयात अर्ज केला. तो परत आला. शेरा असा: कर्मचाऱ्यास सेवाकाळात मानसिक आजार असल्याची कोणतीही नोंद नाही. नोंद कंबरदुखीची आहे.

विम्याच्या कागदात मन नव्हतं, हा दोष माझा नाही. तो विम्याचे नियम करणाऱ्यांचा, आणि तो आजही तसाच आहे. पण कार्यालयाचा दुसरा कागद? जो मार्ग उघडा राहिला असता, तो मी बंद केला होता. माझ्या सुंदर अक्षराने.

नागपूरच्या फेऱ्या महिन्यावरून तीन महिन्यांवर गेल्या. मग बंद झाल्या. गोळ्या संपल्या. पुढच्या वर्षी युसूफभाईंनी स्वतःच नोकरी सोडली.

मी निवृत्त झालो. पेन्शन सुरू झाली. आता माझं कोणी काही बिघडवणार नव्हतं, तेव्हा मला हिंमत आली. बघा, केव्हा आली. मी चार पानांचं निवेदन लिहिलं. कोणत्या नोंदी खोट्या, कोणी लिहिल्या, का लिहिल्या, सगळं. जिल्ह्याला नेऊन दिलं. तिथल्या माणसाने चाळलं आणि म्हणाला, "काका, प्रकरण कधीच बंद झालं. तुम्ही आता सेवेतही नाही. कायले त्रास करून घेता?"

त्याची प्रत घेऊन मी युसूफभाईंकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून चारही पानं वाचली. सावकाश, बोट ठेवून. घडी घालून मला परत दिली. म्हणाले, "बाबूजी, हे तवा लिहून देल्लं असतं, तं बरं झालं असतं."

रागावले नाहीत. मी त्यांना म्हटलं, रागवा. मग न राहवून मी तेही सांगितलं, जे राहून गेलं होतं. त्या बाईबद्दल डॉक्टर काय म्हणाले होते ते. पोटातलं रक्त. बाहेरून कळलंच नसतं. आणली असती तरी वाचली नसती.

युसूफभाईंनी चष्मा काढला. विचारलं, "हे कोण म्हटलं?"

मी म्हटलं, "आपले तेव्हाचे डॉक्टर."

"कधी?"

"त्याच आठवड्यात."

ते उठले. अंगणात गेले. माझ्याकडे पाठ करून खूप वेळ उभे राहिले. परत येऊन खाली बसले आणि हळूच म्हणाले, "अकरा वर्षं झाले जी, बाबूजी. अकरा वर्षं."

मग नसीमाला हाक मारून माझ्यासाठी चहा ठेवायला सांगितला. मी तो चहा प्यालो. नाही म्हणायचीसुद्धा माझी हिंमत झाली नाही.

नसीमा बेटा, तू तेव्हा चहा आणून दिलास. तुला माहीत नव्हतं मी काय सांगून बसलो होतो. आज कळलं. तुझ्या अब्बांनी मला माफ केलं असं मी कोणाला सांगणार नाही, कारण त्यांनी तसं म्हटलं नाही. तूही म्हणायची गरज नाही.

पुढचं मला रैनूदादांकडून कळलं. त्यानंतर महिन्याभराने युसूफभाईंनी रैनूदादांना सोबत घेतलं आणि एसटीने त्या बाईच्या गावी गेले. तिचा भाऊ, नवरीचा बाप, अजून होता. युसूफभाईंनी त्याला सगळं सांगितलं, की मी तिला आलोच म्हणून सांगून गेलो होतो. त्या म्हाताऱ्याने ऐकून घेतलं. म्हणाला, "तुमी आले ना जी परत. तिले घरी तुमीच आणलं. आमच्या घरात तुमचं नाव दर लग्नात निघते." दोघांना जेवू घातलं. येताना एसटीत युसूफभाई खिडकीशी बसले आणि रैनूदादांशी गावापर्यंत बोलत आले. रैनूदादा मला म्हणाले, "बाबू, लय वर्षांनी बोलला तो गाडीत."

दोन वर्षं मिळाली त्यांना अशी. दोनच. तेरा मिळायला हवी होती.

आता संपवतो.

इथे पोलीस ठाण्यातले लोक बसले आहेत. वनखात्याचे आहेत. दवाखान्याचे आहेत. काही झालं की सगळ्यात आधी तुम्हीच पोचता. आम्ही बाकीचे नंतर येतो, नाकाला रुमाल लावून. गेल्या महिन्यात तुमच्यातलाच एक जण, नाव सांगणार नाही, माझ्या घरी आला होता. म्हणाला, "काका, झोप नाई. रजा पायजे. अर्जात काय लिहू? कंबरदुखी लिहू का?" माझी युक्ती गावात अजून चालू आहे. मी त्याला म्हटलं, "बाबा, बस. आधी मला सांग काय झालं." दोन तास तो बोलला. दुसऱ्या दिवशी मी त्याच्यासोबत डॉक्टर मॅडमकडे गेलो, आणि मॅडमने जे आहे तेच लिहिलं. पुढे त्याचं काय होईल, मला माहीत नाही. कदाचित त्रास होईल. कार्यालय अजून तेच आहे, विमाही तोच आहे. पण मॅडम, तुमच्या सहीचा कागद त्याच्याजवळ राहील. आणि तुमच्यापैकी कोणी कोणाला काही सांगायचं ठेवलं असेल, चांगलं काही, तर ते आज सांगून टाका. दुसरा सांगेल म्हणून थांबू नका.

युसूफभाई, तुम्ही या तालुक्यातल्या किती लोकांना घरी आणलंत याची नोंद कोणत्याच पुस्तकात नाही. ज्यांना आणलं, त्यांतले बरेच आज इथे बसले आहेत. अल्लाह तुम्हाला आपल्याजवळ जागा देवो.

आता आपण दोन मिनिटं उभं राहू. ज्यांना उभं राहता येत नाही त्यांनी बसून राहावं. एक सांगायचं राहिलं. दवाखान्याची गाडी बाहेर फाटकाशी उभी आहे, आणि तिच्यावरचा ड्रायव्हर आपल्यातच दाराजवळ बसला आहे. या दोन मिनिटांत निरोप आला, तर तो उठून जाईल. जाऊ द्या त्याला, वाट द्या. आणि तो परत आला की कोणीतरी त्याच्याजवळ जाऊन बसा.

उठा.